सोलापुरात काजळीचं सतत मोजमाप: पीएम २.५ पुरे नाही का?

विजापूर नाका: काल आपल्या या गटावर कुणी लिहिलं, 'सोलापूरचा त्रास धुरळ्याचा. पीएम २.५ मोजतोच, काजळीला वेगळं यंत्र म्हणजे पैशांचा चुराडा.' वाचून गप्प बसवेना. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण; ते मोजणारं बीटा किरणांचं यंत्र फक्त वजन सांगतं. माती, राख, काजळी सगळं एकाच काट्यावर. काजळी मोजणारा एथॅलोमीटर हवा फिल्टर टेपमधून ओढतो आणि जमलेला काळा ठिपका ३७० ते ९५० नॅनोमीटरच्या सात तरंगलांबींवर किती प्रकाश अडवतो, ते मिनिटामिनिटाला मोजतो. ८८० वरचा आकडा ब्लॅक कार्बनचा, म्हणजे काजळीचा. सकाळचं शिखर डिझेलचं की शेकोट्यांचं, हे नुसत्या वजनातून कसं कळणार?

जुळे सोलापूर: कालची पोस्ट माझीच. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत पीएम २.५ ला २४ तासांसाठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, ब्लॅक कार्बनला कसलीच नाही. मग नोटीस कशावर काढणार? आणि लाकडाचा धूर छोट्या तरंगलांबींवर जास्त प्रकाश शोषतो, म्हणून डिझेल-लाकूड वेगळं करायला यंत्र डिझेलला १ आणि लाकडाला २ असे ठरीव घातांक (तरंगलांबी वाढेल तसं शोषण किती झपाट्याने घटतं, त्याचे आकडे) धरतं. मुरमाच्या धुळीतलं लोह ऑक्साइडसुद्धा ३७०-४७० लाच जास्त शोषतं. एप्रिलच्या वावटळीत यंत्र 'पाचट जळतंय' म्हणून छापेल.

सात रस्ता: फताटेवाडीच्या १३२० मेगावॉटच्या कोळशाच्या वीजकेंद्राबद्दल कुणीच का बोलत नाही? सगळं खापर रिक्षा आणि चुलीवर!

विजापूर नाका: कारण तिथे कोळशाची पूड जवळपास पूर्ण जळते. राख आणि सल्फर डायऑक्साइडसाठी जरूर धरा त्यांना, पण काजळी जास्त निघते ती अर्धवट जळणातून: जुनं डिझेल, ओलं लाकूड, पाचट, कचरा.

अक्कलकोट रोड: धूळ, वीजकेंद्र राहू द्या, आधी यंत्राच्या खोलीतल्या एसीचं बोला. डेटा तिथेच मरतो. यंत्राची मर्यादा ४० अंशांची, त्यामुळे मे महिन्यात एसी लागतोच. पण जुलैत खोली २० वर ठेवली की बाहेरची दमट हवा नळीत थंड होऊन पाणी धरते. कॉम्प्रेसर चालू-बंद होईल तशी टेपची ओल बदलते आणि आकडे करवतीसारखे वर-खाली, मध्येच उणे. लोक ते 'वाहतुकीचे चढउतार' म्हणून छापतात!

जुळे सोलापूर: मग पावसाळ्यात एसी बंद ठेवा.

अक्कलकोट रोड: बंद कशाला? २६-२७ वर स्थिर ठेवा, झोत यंत्रावर नको, खोलीतल्या नळीला फोम गुंडाळा, नाफियॉन ड्रायर (हवेतली ओल काढणारी नळी) बसवा. प्रवाह मिनिटाला ५ लिटर आहे का ते वेगळ्या मीटरने तपासा, गळती तपासा, शुद्ध हवेची चाचणी घ्या. धुळीच्या दिवसांत सायक्लोनचा (मोठे कण आधीच वेगळे करणाऱ्या भागाचा) कप वेळच्या वेळी साफ करा. टेप संपली आणि कुणी बघितलंच नाही, तर सुट्टीभर डेटा कोरा.

जुळे सोलापूर: म्हणजे यंत्र घेऊन भागत नाही, रोज बघणारा माणूस हवा. तेच म्हणतोय मी!

विजापूर नाका: माणूस हवा, मान्य. म्हणून मोजूच नये?

सात रस्ता: त्यापेक्षा क्वार्ट्झ फिल्टरवर कण गोळा करा, प्रयोगशाळेत तापवून कार्बन मोजा.

अक्कलकोट रोड: त्यातही धुळीतलं कार्बोनेट घुसतं, आधी आम्लाची वाफ द्यावी लागते. शिवाय तासातासाचं चित्र मिळत नाही. पण महिन्यातून काही फिल्टर शेजारी लावून एथॅलोमीटरचा आकडा पडताळा, हे हवंच.

जुळे सोलापूर: ८८० चा आकडा आणि शेजारी फिल्टर, एवढं असेल तर काजळी मोजणाऱ्या एका केंद्राला माझी हरकत नाही. लाकूड-डिझेलची टक्केवारी मात्र मार्च ते मे छापू नका.

विजापूर नाका: धुळीच्या दिवशी नका छापू. तीन महिने सरसकट गाळायला माझा विरोध आहे.