देवाच्या राज्यासाठी सिद्ध असणे म्हणजे काय? दहा कुमारी आणि तेलाचा प्रश्न

गोदाकाठ (धागाकर्ता):
आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दृष्टांत वाचला गेला आणि त्यावर बाहेरगावाहून आलेल्या एका वक्त्यांनी दीड तास प्रवचन केले. दृष्टांत असा: वराची वाट पाहणाऱ्या दहा जणींपैकी पाच शहाण्या दिव्यांबरोबर जादा तेल घेतात, पाच मूर्ख घेत नाहीत; मध्यरात्री वर येतो तेव्हा मूर्ख तेल आणायला जातात आणि मागे दार बंद होते. त्यातला तासभर युद्धे, भूकंप आणि दुष्काळ यांची सांगड त्याच शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायातील, प्रभूच्या परत येण्याच्या चिन्हांशी घालण्यात गेला. उरलेला वेळ ‘आज रात्री प्राण गेला तर तुम्ही कोठे असाल’ या प्रश्नाने ऐकणाऱ्यांना हादरवण्यात गेला. माझे लक्ष मात्र मागच्या चार रिकाम्या बाकांकडे होते. त्यांवर बसणारी कुटुंबे दिवाळी होताच ऊसतोडीला गेली आहेत. त्यांचा नाताळ उसाच्या फडावरच्या कोपीत (झोपडीत) होणार, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत ती परतणार नाहीत, आणि मुलांची शाळा याही वर्षी अर्ध्यावर सुटली आहे. वक्त्यांच्या प्रवचनात त्यांच्याविषयी एक शब्द नव्हता.

मत्तयाचा २५वा अध्याय सलग वाचला, तर दहा कुमारींनंतर चाकरांवर सोपवलेल्या द्रव्याचा दृष्टांत येतो आणि शेवटी मेंढरे व शेरडे यांचा न्याय. त्या न्यायासनासमोर कोणालाही चिन्हांचा अर्थ विचारला जात नाही. भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला घरात घेतले का, तुरुंगातल्याची भेट घेतली का, एवढेच पाहिले जाते. थेस्सलनीका या शहरातल्या मंडळीचे काही जण काम सोडून लुडबुड करत बसले, तेव्हा ज्याला काम करायचे नसेल त्याने खाऊही नये, असे प्रेषित पौलाने खडसावले. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या अनुयायांनी प्रभूच्या परत येण्यासाठी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरून ठेवला होता, काहींनी तर शेतातले पीकही काढले नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखाच उगवला. तेव्हा माझे म्हणणे असे की, सिद्धतेच्या (तयारीच्या) नावाखाली आपण आकाशाकडे पाहण्याची सवय लावून घेतली आहे आणि बाकावरचा माणूस कोठे गेला हे विचारणे सोडून दिले आहे.

सायंप्रार्थना:
गोदाकाठ, तुमची कळकळ मला मान्य आहे, परंतु तुम्ही अध्यायाचा शेवट उचलून त्याने अध्यायाची सुरुवात झाकून टाकली आहे. शहाण्या कुमारींकडे मूर्ख कुमारी तेल मागतात आणि त्या चक्क नाही म्हणतात. सिद्धता म्हणजे केवळ परोपकार असेल, तर हा नकार निर्दयपणाचा ठरतो. तरीही प्रभू त्यांनाच शहाण्या म्हणतो. याचा अर्थ असा की जिवाची काही तयारी दुसऱ्याकडून उसनी मिळत नाही. माझी प्रार्थना माझ्या आईने केली म्हणून भागत नाही, आणि माझा पश्चात्ताप मंडळीच्या देणगीपेटीत टाकता येत नाही. वराची वाट पाहणेच गळून पडले, तर मंडळी आणि एखादी सेवाभावी संस्था यांत उरते काय?

१८४४ची गोष्टही तुम्ही अर्धीच सांगितली. त्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी १८६३ मध्ये सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी स्थापन केली, आणि द्वितीयागमनाची वाट पाहणे हे ज्यांच्या नावातच आहे त्या लोकांनी जगभर शाळा व रुग्णालये उभारली. पुण्यात औंधला असलेले स्पायसर विद्यापीठ हे त्यांचेच. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमात जून १९०५ मध्ये संजीवन (आध्यात्मिक जागृती) झाले, मुली तासन्‌तास रडून प्रार्थना करू लागल्या, आणि त्याच आवारात शेती, विणकाम आणि छापखानाही चालू होता. पंडिता रमाबाईंना या दोहोंत विरोध दिसला नाही. तो आपल्याला दिसतो. आणि राहवत नाही म्हणून विचारते: २५ डिसेंबरला फडावर केक आणि गाणी घेऊन कोण जाते? आमच्या भागात तरी ‘प्रभू लवकर येणार’ असे म्हणणाऱ्या, तुम्हाला भाबड्या वाटणाऱ्या प्रार्थनागटातल्या बायकाच जातात.

गोदाकाठ:
ताई, शेवटचा प्रश्न वर्मी लागला. मी स्वतः फडावर एकदाही गेलेलो नाही, हे येथे लिहून ठेवतो. तेलाचा नकार हा माझ्या वाचनातला अवघड दगड आहे, हेही कबूल. त्याला मी आजवर वळसाच घालत आलो.

रमाबाईंविषयी मात्र एक क्रम ध्यानात घ्यावा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली व विधवा केडगावला आणल्या. १९०५ चे संजीवन त्यानंतरचे. ज्यांना आधी भाकर मिळाली त्यांच्यातच प्रार्थना पेटली. पुढे मूळ हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर त्या आयुष्याच्या अखेरपर्यंत करत राहिल्या, आणि ते साध्या बायकांना कळावे म्हणून सोपे ठेवले. प्रभू उद्या येणार असे मानणारी व्यक्ती इतकी वर्षे व्याकरणाशी झुंजते, यातच मला सिद्धतेचा अर्थ दिसतो. माझा आक्षेप वाट पाहण्याला नाही, तर भीती घालून वाट पाहायला लावण्याला आहे. राज्य केव्हा येणार असे परूश्यांनी (एका यहुदी पंथाच्या लोकांनी) येशूला विचारले, तेव्हा ते डोळ्यांना दिसेल अशा रीतीने येत नाही, ते तुमच्यामध्येच आहे, असे उत्तर मिळाले (लूक १७:२०-२१).

सायंप्रार्थना:
त्याच अध्यायात पुढे नोहाचे (जलप्रलयापूर्वीचे) दिवस आणि लोटाचे (सदोम नगराच्या नाशापूर्वीचे) दिवस आहेत. लोक खातपीत होते, लग्ने करत होते, लागवड करत होते, आणि बेसावध सापडले. तेथे कोणाचे पाप सांगितलेले नाही, फक्त गुंतून जाणे सांगितले आहे. आपल्या मंडळ्यांना आज धाक जास्त झाला आहे की गुंतणे, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. जमिनीचे आणि निवडणुकांचे वाद मंडळीच्या सभांत किती वेळ खातात, ते तुम्हीही पाहिले असेल.

वसईकर:
मी कॅथलिक असल्यामुळे थोडे बाजूने बोलतो. आमच्या उपासनेत आगमनकाळाचे दोन भाग आहेत: १६ डिसेंबरपर्यंतचा भर पुनरागमनावर असतो आणि १७ तारखेपासून तो बेथलेहेमकडे वळतो. प्रत्यक्षात पहिला भाग करंज्या तळण्यात आणि ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचा गोठा उभारण्यात केव्हा निघून जातो, ते कळतही नाही, त्यामुळे गुंतण्याविषयी ताई म्हणतात ते आमच्यावर पूर्ण लागू आहे. आणि कोणीतरी आता धर्मसुधारक ल्यूथरचे ‘उद्या जग संपणार असले तरी आज सफरचंदाचे रोप लावीन’ हे वाक्य आणेल, म्हणून आधीच सांगतो: ते त्याच्या लेखनात सापडत नाही, आणि १९४४ पूर्वीचा त्याचा लिखित पुरावाही नाही. मला त्या दृष्टांतातली वेगळीच गोष्ट अडवते. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या, शहाण्यासुद्धा. मग ‘जागृत राहा’ या शेवटच्या वाक्याचे करायचे काय?

फडावरचा:
मी सहसा लिहीत नाही, परंतु वसईकर यांच्या प्रश्नाचे उत्तर मला लहानपणीच मिळाले आहे. माझे आईवडील एक कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) म्हणून कारखान्यावर जात आणि मीही त्यांच्याबरोबर असे. दिवसभर ऊस तोडून माणसे अंधार पडताच कोपीत आडवी होत, कारण न झोपणारा माणूस दुसऱ्या दिवशी कोयता उचलू शकत नाही. गाडी भरायला ट्रक केव्हा येईल याचा नेम नसे. कधी रात्री अकराला, कधी दोनला भोंगा वाजे आणि सगळ्यांना उठून मोळ्या डोक्यावर वाहून भराव्या लागत. ज्या घरातला माणूस त्या वेळी कंदिलात रॉकेल आहे का, चुंबळ कोठे ठेवली, असे शोधू लागे, त्याला मुकादमाच्या शिव्या बसत, आणि शेजारचा आपला कंदील देऊ शकत नसे, कारण त्यालाही फळीवरून चढायचे असे. आईला तेव्हा वाचता येत नव्हते. ती झोपण्यापूर्वी रॉकेल भरून काच पुसून ठेवी, चुंबळ उशाशी घेई, मला पांघरूण घाली आणि प्रभूच्या प्रार्थनेतले ‘तुझे राज्य येवो’ म्हणून लगेच झोपी जाई.