पॅपमध्ये ‘एस्कस’ आलं: थांबायचं की लगेच पुढची तपासणी?

कर्वेनगरकर:
पॅप म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी खरवडून कर्करोगाच्या दृष्टीने केलेली तपासणी. त्यात एस्कस (ASC-US) म्हणजे पेशी जराशा वेगळ्या, पण निदान पक्कं नाही. असा रिपोर्ट आला की ‘गोळ्यांचा कोर्स करा, सहा महिन्यांनी बघू’ हे उत्तर पुण्यात अजून ऐकू येतं. माझा त्याला विरोध आहे. पंचविशीपुढे आधी एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) तपासणी करावी, तारीख मग ठरवावी. नमुना लिक्विड बेस्ड (बाटलीतल्या द्रवात घेतलेला) असेल तर बाटलीत उरलेल्या द्रवातूनच ती होते, म्हणून रिपोर्ट मिळाल्या दिवशीच लॅबला फोन करून बाटली ठेवायला सांगा. काचेची स्लाइड असेल तर नमुना वेगळा द्यावा लागतो. निगेटिव्ह आली तर पुढची तपासणी ३ वर्षांनी, पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयाचं तोंड बघणं.

सहकारनगर:
पॉझिटिव्ह म्हणजे सरसकट कॉल्पोस्कोपी? नाही पटत. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार, गेल्या ५ वर्षांतला एचपीव्ही निगेटिव्ह रिपोर्ट हातात असेल आणि आता विषाणूचा १६ किंवा १८ हा जास्त धोक्याचा प्रकार सापडला नसेल, तर वर्षाने पुन्हा तपासलं तरी चालतं. पंचविशीच्या आत तर एस्कस काय, एलसिल (पेशींतला सौम्य बदल) आलं तरी १२ महिन्यांनी पुन्हा पॅप. या वयात एचपीव्ही सर्रास सापडतो आणि बहुतेकींचा दोनेक वर्षांत आपोआप जातो. घाई केली की बायोप्सी, मग गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा काढणं, आणि त्याने पुढच्या खेपेला अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. काही ठिकाणी तर थेट ‘पिशवीच काढून टाका’. एस्कस हे पिशवी काढायचं कारण नव्हे, कधीच नव्हे!

हडपसर:
ताई, पाच वर्षांतला निगेटिव्ह रिपोर्ट आपल्याकडे कितीजणींच्या फायलीत असतो? अनेकींची ही आयुष्यातली पहिलीच पॅप. त्यातून घर बदलतं, नंबर बदलतो, वर्षाने बोलवायचं कुणाला? तिशीपुढची बाई पॉझिटिव्ह असेल आणि परत येईल याची खात्री नसेल, तर कॉल्पोस्कोपी आत्ताच उरकावी. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या अभ्यासात (२००९) एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आणि लगेच दिलेल्या उपचाराने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ‘लगेच’ला किंमत आहे ती यासाठी.

स्लाइडवाली:
नमुन्याबद्दल कुणीच बोललं नाही. काचेवर पसरलेला नमुना लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये गेला नाही तर वाळतो, केंद्रकं फुगलेली दिसतात आणि रिपोर्टवर एस्कस उमटतं. पाळी गेलेल्यांत इस्ट्रोजेन कमी असल्यानेही पेशी अशा दिसतात. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे इस्ट्रोजेन क्रीम, ते थांबवून मग पॅप. शंका आली म्हणून पंधरा दिवसांत दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ नका. खरवडलेला थर भरून आलेला नसतो, खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आधीचे दोन दिवस संबंध, योनीतल्या गोळ्या, क्रीम बंद.

कर्वेनगरकर:
पेशी वाळल्या की वाचणाऱ्याचा अंदाज चुकतो, एचपीव्ही तपासणी त्या अंदाजावर चालतच नाही. माझा आग्रह आहे तो त्यामुळेच. पंचविशीच्या आतल्यांबाबत सहकारनगरचं म्हणणं मान्य. पण रिपोर्टवर एएससी-एच (गंभीर बदलाची शंका), एचसिल (गंभीर बदल) किंवा ग्रंथीपेशींतल्या बदलाचा उल्लेख असेल तर या वादातलं काहीच लागू नाही, तिथे एचपीव्ही निगेटिव्ह असला तरी कॉल्पोस्कोपी. आणि संबंधानंतर रक्त जात असेल तर पॅप नॉर्मल असूनही डॉक्टरांनी गर्भाशयाचं तोंड प्रत्यक्ष बघायला हवं.