खेळानुसार बदलणारी खनिजांची गरज
पेशींच्या संरक्षणासाठी सर्वच महाविद्यालयीन महिला खेळाडूंना सरसकट जस्ताच्या गोळ्या द्याव्यात, अशी एक सूचना केली जाते; ती मला धोक्याची वाटते. जस्त आणि तांबे हे दोन्ही सुपरऑक्साइड डिसम्युटेझ या, शरीरात तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजन-रेणूंपासून पेशींचे रक्षण करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) घटक आहेत; परंतु जस्ताची मात्रा दीर्घकाळ जास्त राहिली, तर आतड्यात तांब्याचे शोषण घटते आणि ज्या संरक्षणासाठी गोळी घेतली तेच दुबळे होऊ शकते. लांब पल्ल्याच्या धावपटू किंवा जिम्नॅस्ट मुली वजनाच्या धास्तीने अनेकदा मुळातच कमी जेवतात, त्यामुळे त्यांना सेलेनियमसह ही सगळीच खनिजे एकत्र कमी पडण्याची शक्यता असते. गोळाफेक करणाऱ्या मुलीचा आहारच मोठा असल्याने तिची स्थिती सहसा वेगळी असते. शिवाय धान्य-कडधान्यांतील फायटेट हा नैसर्गिक घटक जस्ताचे शोषण अडवतो, आणि मटकीला मोड आणल्यास हे फायटेट काही प्रमाणात घटते. आधी प्रत्येकीचे ताट तपासावे, गोळीचा विचार नंतर.