प्रतिसाद: नंदिनीतला गाळ उपसण्याआधी

'नंदिनीतला (नासर्डी) गाळ आधी काढा, मग काठावर झाडं लावा' ही वरची सूचना मला उलट्या क्रमाची वाटते. नाशिकमधली ही नदी सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यातून येते. तिथे प्लेटिंगचे (धातूचा मुलामा देण्याचे) कारखाने आहेत, म्हणून गाळात क्रोमियम, निकेल, जस्त धरूनच चाला. तपासणीविना जेसीबी घातला तर बसलेले धातू पाण्यात मिसळतात, आणि काठावर टाकलेला ढीग पहिल्याच पुरात परत पात्रात येतो. (ठेकेदाराचं बिल मात्र तोवर निघालेलं असतं.)

आधी एप्रिल-मेमध्ये पात्र चालून प्रत्येक नाल्याचं तोंड नकाशावर घ्या. तेव्हा वाहतं ते बहुतेक सांडपाणीच असतं. प्रत्येक तोंडाच्या वर आणि खाली ०-१५ व १५-३० सेंमी थरांचे गाळाचे नमुने वेगवेगळे घ्या. खोरं प्लास्टिकचं हवं. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा असलेलं) वापरलं तर जस्ताचा आकडा खोटा वाढतो.

पाण्याचा दुपारचा एकच नमुना फसवतो, कारण कारखान्यांच्या सांडपाण्याच्या टाक्या अनेकदा रात्री सोडल्या जातात. दर १५ मिनिटांनी वाहकता (विरघळलेल्या क्षारांबरोबर वाढणारी पाण्याची वीज वाहण्याची क्षमता) आपोआप नोंदणारा लॉगर लावा. अचानक उडी दिसली की त्या वेळेचा नमुना घ्या. तुलनेला नदीत सांडपाणी सोडण्याची सर्वसाधारण मानकं पुरेशी: बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५०, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) ०.१ मिग्रॅ प्रति लिटर.

झाडांचं सोपं आहे. पाण्यालगत वाळुंज आणि वाळा, वरच्या टप्प्यावर करंज, उंबर, जांभूळ. गॅबियन (दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या) फक्त वळणाच्या बाहेरच्या, खचणाऱ्या काठाला, सरसकट नको.