कृषी केंद्रातल्या खतांपासून टाकीतल्या झाडांसाठी द्रावण: प्रमाण काय?

काचेतलं_रान: माशांची टाकी १०० लिटरची. झाडं वॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, अमेझॉन स्वोर्ड. गप्पी, टेट्रा आणि थोडे झिंगे. एलईडी ७ तास, सीओटू (वेगळा कार्बन डायऑक्साइड) देत नाही. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६००, पीएच ८. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडताहेत. नवी पानं फिकी, शिरा मात्र हिरव्या. टाकीच्या खताची तयार बाटली इकडे मिळत नाही. कृषी केंद्रात १९:१९:१९, १३:००:४५, ००:५२:३४ (आकडे नत्र:स्फुरद:पालाश टक्क्यांचे) आणि ग्रेड-२ मायक्रोन्युट्रियंट (सूक्ष्मद्रव्यांचं मिश्रण) आहे, संत्र्याला देतात तेच. प्रमाण सांगा, अन् सगळं एकाच बाटलीत चालेल का?

पाणवेल: १९:१९:१९ चं पाकीट उघडूच नका. त्यातला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. पीएच ८ आणि विदर्भातल्या उन्हाळ्याचं पाणी, म्हणजे त्या अमोनियाचा विषारी भाग वाढणार आणि पहिले झिंगे जाणार. १२:६१:०० (मोनोअमोनियम फॉस्फेट) सुद्धा याच कारणासाठी बाद.

१३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. ५०० मिली पाण्यात पहिलं ४१ ग्रॅम, दुसरं ३.६ ग्रॅम. यातले १० मिली १०० लिटरला दिले की नायट्रेट ५, फॉस्फेट ०.५ आणि पोटॅशियम (पोटॅश) सुमारे ३.४ पीपीएमनं (लिटरमागे मिलिग्रॅम) वाढतं. सीओटू नसलेल्या टाकीला आठवड्यातून एकदा पुरे, सोबत दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला. जुन्या पानांची भोकं बहुधा पोटॅशचीच कमतरता. पडलेली भोकं बुजत नाहीत, नवी पानं बघून ठरवा.

चमच्यानं मोजू नका, सोनाराकडं असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या. पाणी आरओच्या कॅनचं किंवा बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड (ॲसिड नव्हे!). बोअरच्या पाण्यात कॅल्शियम असतं, ते फॉस्फेटला धरून बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ करतं, आणि मग दर वेळी मिळणारं प्रमाण भलतंच. पाणी कोमट घ्या: १३:००:४५ विरघळताना उष्णता ओढून घेतं, भांडं हाताला गार लागतं, अन् थंड पाण्यात खडे तळाशी तसेच राहतात. हे खत आगीला हवा देतं, चुलीपासून आणि कुटारापासून लांब ठेवा.

शेवाळशत्रू: प्रमाण बरोबर आहे, पण आधी बोअरच्या पाण्यातला नायट्रेट तपासा. शेतालगतच्या विहिरी-बोअरमध्ये खतांचा नायट्रेट आधीच झिरपलेला असतो. २० पीपीएमच्या वर निघाला तर १३:००:४५ वगळा आणि त्याऐवजी ००:००:५० (सल्फेट ऑफ पोटॅश) ३५ ग्रॅम घाला. हे हळू विरघळतं, दहा-पंधरा मिनिटं ढवळावं लागतं. खारपाणपट्ट्यातलं पाणी असेल तर खतापेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा. तिथं अर्धं आरओ मिसळल्याशिवाय वॅलिस्नेरिया सोडून फारसं टिकत नाही.

एकाच बाटलीत नाही चालणार. फॉस्फेट आणि ग्रेड-२ मधलं लोह एकत्र आले की लोह गाळ होऊन बसतं. ग्रेड-२ तर झिंग्यांच्या टाकीत नकोच. त्यात लोह २.५ टक्के, जस्त ३ आणि झिंग्यांना घातक असं तांबं १. म्हणजे लोह ०.१ पीपीएम द्यायला गेलात तर सोबत तांबं ०.०४ जाणार, तेही दर वेळी.

काचेतलं_रान: मग फिक्या नव्या पानांसाठी लोह कशातून? केंद्रात १२ टक्केवालं फेरस ईडीटीए आहे.

शेवाळशत्रू: ईडीटीए, डीटीपीए, ईडीडीएचए ही लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारी द्रव्यं. पीएच ८ ला ईडीटीए लोह सोडून देतं, झाडाला मिळण्याआधीच गंजासारखं बसतं. डीटीपीए ७.५ पर्यंत टिकतं. तुमच्या पाण्याला ईडीडीएचए ६ टक्के: ५०० मिलीत ८.३ ग्रॅम, १० मिलीला ०.१ पीपीएम. पाण्याला तांबूस झाक येते, ती घाबरण्यासारखी नाही. बाकी सूक्ष्मद्रव्यं माशांच्या खाद्यातून आणि बोअरच्या पाण्यातून बऱ्यापैकी येतात.

पाणवेल: लोहाची बाटली गडद रंगाची असू द्या, उजेडानं ते मोडतं. बुरशी धरते म्हणून एका वेळी १०० मिलीच बनवा (ईडीडीएचए १.७ ग्रॅम) आणि फ्रीजमध्ये ठेवताना ‘विष, पिऊ नये’ असं मोठ्या अक्षरात लिहा. पहिली बाटली रविवारी, ही बुधवारी, दोन्ही लाइट लागल्यावर. पहिले दोन आठवडे अर्धाच डोस द्या. मे महिन्यात पाणी ३२ च्या वर गेलं किंवा लोडशेडिंगनं लाइट बंद राहिले तर त्या आठवड्याचा डोस सोडून द्या; झाड घेत नाही, शेवाळ घेतं.