शब्दचर्चा : ‘गोपनीयता’ म्हणावे की ‘खासगीपण’?

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद आता वहीऐवजी एका ॲपमध्ये होते. पाहुण्याचे नाव, मोबाइल क्रमांक, छायाचित्र, तो कोणाच्या घरी किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे सारे त्यात साठते. रहिवाशांसाठी मराठी सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी फारसा विचार न करता, इंग्रजी ‘प्रायव्हसी पॉलिसी’साठी सगळीकडे असतो तोच मथळा दिला : ‘गोपनीयता धोरण’. सूचना फलकावर लागली त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या एका आजींनी मला जिन्यात थांबवून विचारले, “माझ्याकडे पोळ्या करायला कोण येते आणि नातू कधी येतो, यात गोपनीय ते काय? आणि गोपनीय काहीच नसेल, तर हे धोरण माझ्यासाठी नाही असेच समजायचे ना?” मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नामुळेच ही चर्चा सुरू करीत आहे, कारण चूक आजींच्या समजण्यात नसून मी निवडलेल्या शब्दात आहे, असे मला वाटू लागले आहे.

‘गोपनीय’ हा शब्द ‘गुप्’ या धातूपासून आला आहे. ‘करणीय’ म्हणजे करण्याजोगे, ‘पूजनीय’ म्हणजे पूजा करण्याजोगे, त्याचप्रमाणे ‘गोपनीय’ म्हणजे राखण्याजोगे, झाकून ठेवण्याजोगे. मराठीत हा शब्द दीर्घकाळ सरकारी कामकाजात वावरला आहे. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिला जातो, लिफाफ्यावर लाल शाईने ‘गोपनीय’ असा शिक्का असतो. या सर्व ठिकाणी झाकायचे आहे ते कागदातील मजकुराला, आणि झाकणारा बहुधा अधिकारपदावर बसलेला असतो. हाच शब्द आपण आता सामान्य नागरिकाच्या हक्कासाठी वापरतो, तेव्हा त्याच्यामागून एक संशयही आपोआप येतो. ज्याला गोपनीयता हवी, त्याच्याकडे लपवण्यासारखे काहीतरी असले पाहिजे! “तुमच्याकडे लपवण्यासारखे काही नसेल, तर घाबरता कशाला?” हा प्रश्न चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आणि आधारच्या वादात आपण अनेकदा ऐकला आहे. तो प्रश्न इतका बिनतोड वाटतो, याचे एक कारण हा शब्दच आहे, असे माझे मत आहे.

न्हाणीघराचे उदाहरण घ्यावे. आत काय चालले आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, त्यात गुपित कोणतेच नाही, तरीही आपण आतून कडी लावतो आणि ती कडी लावणाऱ्याला “काय लपवतोस?” असे कोणी विचारीत नाही. या कडीला मराठीत काय म्हणावे, हा माझा प्रश्न आहे. ती गोपनीयता निश्चितच नाही.

माझा कल ‘खासगीपण’ या शब्दाकडे आहे, आणि त्याचे कारण त्याच्या इतिहासात आहे. ‘खास’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मराठेशाहीत ‘खासगी’ म्हणजे दौलतीच्या हिशेबाहून वेगळे, घराण्याच्या स्वतःच्या मालकीचे उत्पन्न. बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना जी स्वतंत्र जहागीर दिली, तिला होळकरांची ‘खासगी’ म्हणतात, आणि पुढे अहिल्याबाईंनी दूरदूरच्या तीर्थक्षेत्री जी मंदिरे आणि घाट बांधले, त्यांचा खर्च याच खासगीतून झाला. ही खासगी कोणापासून लपवलेली नव्हती. घाट तर नदीच्या काठी उघड्यावर उभे आहेत! तिचे वैशिष्ट्य एवढेच होते की तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क चालत नव्हता. आजींच्या घरी कोण येते-जाते ही माहिती नेमकी अशीच आहे, म्हणजे शेजाऱ्यांना ठाऊक असलेली आणि तरीही आजींची. जाणकारांनी आपले मत द्यावे.

प्रतिसाद

प्रस्तावातील उदाहरण पटले, परंतु निष्कर्ष घाईचा वाटतो. आपल्याला जो शब्द अयोग्य वाटतो, तो वृत्तपत्रांत, सरकारी संकेतस्थळांवर आणि प्रत्येक मोबाइलवर इतका रुळला आहे की वाचणाऱ्याला त्याचा धातू आठवत नाही. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, व्युत्पत्तीने ठरत नाही. शिवाय ‘खासगी’लाही आज दुसरेच ओझे चिकटले आहे. खासगी शाळा, खासगी रुग्णालय, खासगीकरण, या सर्व ठिकाणी त्याचा अर्थ ‘सरकारी नव्हे ते’ असा होतो. ‘खासगी कंपनीने ग्राहकांच्या खासगीपणाचा भंग केला’ या वाक्यात एकच शब्द दोन वेगळ्या अर्थांनी आला आहे आणि वाचणारा क्षणभर अडखळतो. हिंदीने ‘निज’पासून ‘निजता’ केले आणि ते तिथे स्थिरावले. मराठीत मात्र ‘निजता’ वाचून निजणे आठवते, म्हणून तो शब्द घ्यावा असे मी म्हणणार नाही.

प्रतिसाद

माझे काम उपग्रहांच्या छायाचित्रांवरून पिकांचे आणि जमीनवापराचे नकाशे तयार करण्याचे आहे, त्यामुळे या चर्चेची दुसरी बाजू, म्हणजे पाहणाऱ्याची बाजू, मांडावीशी वाटते. आपण ज्याला पाहिले जाते त्याच्यासाठी शब्द शोधत आहात. पाहण्याच्या क्रियेसाठी मात्र मराठीत इतके शब्द आहेत की ते नीट वापरले, तर अर्धे वाद मिटतील.

‘पाहणी’ उघडपणे होते. तलाठी शिवारात येऊन पीकपाहणी करतो तेव्हा शेतकरी बांधावर त्याच्या शेजारी उभा असतो, आणि आता ई-पीक पाहणीत तर शेतकरी स्वतःच आपल्या पिकाचे छायाचित्र काढून पाठवतो. ‘टेहळणी’ दुरून आणि उंचावरून होते. गडाच्या टेहळणी बुरुजावरच्या माणसाला खोऱ्यात कोणी येत आहे का एवढेच पाहायचे असते, येणाऱ्याच्या नावगावाशी त्याला कर्तव्य नसते. ‘पाळत’ मात्र एका ठरावीक माणसावर, त्याच्या नकळत आणि सतत ठेवली जाते. याखेरीज ‘माग काढणे’ आहे, ज्यात माणूस दिसतच नाही, त्याच्या खुणांवरून तो कुठून कुठे गेला हे ठरवले जाते, आणि ‘कानोसा घेणे’ आहे, जे आपल्या हाकेची वाट पाहत खोलीत ठेवलेल्या बोलक्या यंत्राला अगदी चपखल लागू पडते. इंग्रजीतल्या ‘सर्व्हेलन्स’ या एका शब्दासाठी या सर्वांच्या जागी सरसकट ‘पाळत’ लिहिले जाते, त्यामुळे जिथे भीतीचे कारण नाही तिथे भीती उत्पन्न होते आणि जिथे खरोखर कारण आहे तिथे ती बोथट होते.

उपग्रहाचेच पाहा. २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे अडीच मीटरचा चौरस होता. नोव्हेंबर २०१९ मधील कार्टोसॅट-३ मध्ये तो सुमारे पंचवीस सेंटीमीटरवर आला. पहिल्यात घराचे छप्पर ओळखू येई, दुसऱ्यात अंगणातील मोटार स्पष्ट दिसते. माणूस मात्र अजूनही दोनचार ठिपक्यांपलीकडे जात नाही, त्याचा चेहरा दिसण्याचा प्रश्नच नाही, आणि असा उपग्रह एका गावावरून काही क्षणांत निघूनही जातो. म्हणून ही टेहळणी आहे, पाळत नव्हे. पाळत हा शब्द आपल्या खिशातल्या मोबाइलसाठी राखून ठेवावा, कारण तो एकाच माणसाबरोबर दिवसरात्र असतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. अवकाशातून पाहण्यासाठी कोणाची संमती लागत नाही, असा जगाचा संकेत आहे. १९६७ च्या अवकाश करारानुसार अवकाशावर कोणत्याही राष्ट्राची मालकी नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९८६ मध्ये दूरसंवेदनाची, म्हणजे अवकाशातून पृथ्वीचे निरीक्षण करण्याची, जी तत्त्वे स्वीकारली, त्यांत ज्या देशाच्या भूमीचे निरीक्षण होते त्याची पूर्वसंमती आवश्यक मानलेली नाही. त्या देशाला ती चित्रे रास्त मोबदल्यात मिळावीत, एवढी तरतूद मात्र आहे. ही तत्त्वे नैसर्गिक संपत्ती, जमीनवापर आणि पर्यावरण डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली. अंगणातल्या माणसाचा विचार त्यांत नाही, कारण तेव्हा तो दिसतच नव्हता.

प्रतिसाद

अवकाशाचा विषय निघालाच आहे, तर ‘वैयक्तिक अवकाश’ हा शब्द का नको? अवकाश म्हणजे मोकळी जागा, फुरसत आणि आकाशापलीकडची पोकळीही. माणसाला स्वतःपुरती जी मोकळीक लागते, तिच्यासाठी याहून सुंदर शब्द नाही, असे मला वाटते.

प्रस्तावकाचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटच्या सूचनेपासून सुरुवात करतो. ‘वैयक्तिक अवकाश’ सुंदर आहे, पण तो इंग्रजी जोडशब्दाच्या साच्यातून आला आहे, आणि “परीक्षेला अजून अवकाश आहे” म्हणणाऱ्या आमच्या आजींना तो समजावून सांगावा लागेल. तरीही या सूचनेमुळे मला ‘अंतराळ’ आठवले. आपण तो शब्द अवकाशयाने जिथे जातात त्या पोकळीसाठी वापरतो, पण आपल्या जुन्या देवळांत सभामंडप आणि गाभारा यांमधल्या छोट्या भागालाही अंतराळच म्हणतात. अंबरनाथच्या शिवमंदिरात सभामंडपातून अंतराळात येऊन पायऱ्या उतरल्या की खाली गाभारा लागतो. मंडप सर्वांचा असतो, गाभाऱ्यात जाण्याला मर्यादा असते आणि आपण कोठवर जावे हे त्या मधल्या जागेत उभे राहिल्यावर कोणी न सांगता कळते. बहुतेक देवळांत गाभाऱ्यातली मूर्ती मात्र मंडपातून दिसत असते. ती लपवलेली नाही, आणि म्हणून मी दिलेल्या न्हाणीघराच्या उदाहरणापेक्षा हे उदाहरण मला अधिक नेमके वाटते. हा शब्द रूढ व्हावा असा माझा आग्रह नाही, पण कल्पना हीच आहे.

व्युत्पत्तीने अर्थ ठरत नाही, हा आक्षेप मला तत्त्वतः मान्य आहे. माझी तक्रार धातूविषयी नसून आजच्या वापराविषयी आहे, कारण गोपनीय अहवाल आणि गोपनीयतेची शपथ आजही चालू वापरात आहेत आणि त्यांची सावली या शब्दावर रोज पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर प्रायव्हसीच्या हक्काविषयी एकमताने जो निकाल दिला, त्याच्या मुख्य निकालपत्रात असे म्हटले आहे की माणूस सार्वजनिक ठिकाणी गेला म्हणून त्याचा हा हक्क संपत नाही, कारण तो जागेला नव्हे, तर माणसाला जोडलेला असतो. आता या वाक्यात ‘गोपनीयता’ घालून पाहावे. भर बाजारात, शंभर लोकांसमोर उभ्या असलेल्या माणसाची गोपनीयता म्हणजे काय, हे समजत नाही. ‘खासगीपण’ घातले की समजते. या हक्काचे जे वर्णन १८९० साली वॉरेन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांच्या लेखामुळे प्रसिद्ध झाले, तेही लपवण्याचे नव्हते. त्या काळी झटपट छायाचित्रे काढणारे कॅमेरे हे नवे तंत्रज्ञान होते आणि वृत्तपत्रे लोकांच्या घरगुती गोष्टी छापू लागली होती. त्यावर त्यांचे मागणे, आपल्या मराठीत सांगायचे तर, “आमच्या वाटेला जाऊ नका” एवढेच होते.

‘खासगी’च्या दोन अर्थांची अडचण खरी आहे. त्यासाठीच मी ‘खासगीपणा’ऐवजी ‘खासगीपण’ म्हणतो. ‘पणा’ लावला की पुष्कळदा वागणुकीचा बोध होतो, जसे वेडेपणा, हट्टीपणा, आणि ‘पण’ लावले की असण्याचा, जसे घरपण, माणूसपण. नियम काटेकोर नाही, प्रामाणिकपणासारखे अपवाद आहेतच, पण माणूसपणाच्या शेजारी बसणारा शब्द मला या हक्कासाठी योग्य वाटतो. ‘गोपनीयता’ टाकून द्यावी असेही मी म्हणत नाही. बँकेतील खाते, डॉक्टरांकडचे कागद, वकिलाशी झालेले बोलणे, म्हणजे जिथे विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याने झाकून ठेवायची आहे, तिथे तोच शब्द हवा.

पाहणी, टेहळणी आणि पाळत यांतील भेदाने मला सर्वांत अधिक मदत केली. फाटकावरची वही ही पाहणी होती, कारण ती सर्वांसमोर लिहिली जाई आणि वर्षअखेरीस रद्दीत जाई. ॲपमधली नोंद मात्र कधीच रद्दीत गेली नाही आणि महिनोन्‌महिने साठत राहिली, तर तिच्यावरून एखाद्याचा माग काढता येतो. क्रिया तीच, परंतु साठवणीमुळे शब्द बदलतो.

ही चर्चा केवळ हौसेची नाही, हे सांगणेही आवश्यक आहे. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यानुसार, संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय लोकांना मिळायला हवा. म्हणजे मराठी सूचना यापुढे मोठ्या संख्येने लिहिल्या जातील, आणि त्यांत आज जे शब्द बसतील, तेच पुढे रूढ होतील. त्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात माहिती बाळगणाऱ्या संस्थेसाठी विश्वस्त या अर्थाचा शब्द योजला आहे. मराठीत ‘माहिती देणे’ म्हटले की ती देऊन टाकली असा भास होतो. दिलेली वस्तू ज्याची त्याचीच राहते आणि ती परत मागता येते, अशा देण्याला आपल्याकडे ‘ठेव’ म्हणतात, आणि ‘ठेव’ कळण्यासाठी कोणालाही कोश उघडावा लागत नाही.

काल मी फलकावरची सूचना बदलली. मथळा आता ‘आपले खासगीपण’ असा आहे आणि पहिले वाक्य असे : “आपल्याकडे कोण येते-जाते ही माहिती आपली आहे, संस्थेकडे ती ठेव म्हणून तीस दिवस राहील, त्यानंतर पुसली जाईल, आणि त्याआधी ती पुसावी असे आपण कधीही सांगू शकता.” तीस दिवसांचा आकडा कार्यकारिणीकडून मंजूर करून घ्यावा लागला, कारण मूळ मसुद्यात मुदतच नव्हती. आजींनी ती सूचना चष्मा लावून दोनदा वाचली आणि विचारले, “पुसली हे मला कळणार कसे?” या क्रियेसाठी, म्हणजे माहिती पुसल्याची पोच देण्यासाठी, मराठीत एखादा सुटसुटीत शब्द असल्यास कृपया सुचवावा.