मदत हवी आहे: ग्रिलमधल्या जास्वंदीवर मिलीबग, आणि मुंग्या

नमस्कार मंडळी,

दादरला तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या ग्रिलमध्ये आमची छोटी बाग आहे. जास्वंद, तुळस, कढीपत्ता, मिरची. पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग आला. शेंडे आकसलेत, कळ्या न उमलताच गळतात, खालची पानं चिकट होऊन त्यांवर काळी बुरशी धरली आहे. आता मिरचीच्या बेचक्यांतही पांढरा कापूस दिसतोय.

रासायनिक औषध नकोच आहे. फुलं देवाला जातात, कढीपत्ता रोज फोडणीत पडतो, खालच्या काकूंचे कपडे नेमके आमच्या ग्रिलखाली वाळत असतात. शिवाय जास्वंदीवर रोज सकाळी शिंजीर पक्षी येतो. त्याच्या पोटात विष गेलेलं मला चालणार नाही.

सध्या फार लागण झालेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकते. बाकीच्यांवर आधी साध्या पाण्याचा जोराचा फवारा, मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल. तेल पाण्यात मिसळावं म्हणून थोडं रिठ्याचं पाणी. हे ऊन उतरल्यावरच मारते, पानांच्या मागून आणि बेचक्यांत. भर उन्हात पानं करपतात आणि कडुनिंबाचा गुणही लवकर जातो. अंडी मेणचट कापसात सुरक्षित राहतात, म्हणून आठवड्याने पुन्हा.

किडे कमी होतात, पण परत येतात. याचं मूळ मला मुंग्यांमध्ये दिसतं. मिलीबगचा गोड चिकटा त्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवावी तर डासांची भीती, आणि ग्रिलमध्ये फांद्या सळ्यांना टेकलेल्या, त्यामुळे मुंग्या कुठूनही चढतात. हळदीची रेघ वाऱ्याने उडून जाते. खोडाला कापडी पट्टी बांधून तिच्यावर एरंडेल लावलं तर चालेल का? साल कुजणार नाही ना?

दुसरं, जास्त महत्त्वाचं. काल मिलीबगसारखेच पांढरे, पण आकाराने मोठे, झुपकेदार आणि बऱ्यापैकी भराभर चालणारे किडे दिसले. क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी अशीच दिसते आणि ती मिलीबगच खाते, असं वाचलंय. त्या शंकेने जास्वंदीवरची फवारणी थांबवली आहे. ज्यांनी ही अळी प्रत्यक्ष पाहिली आहे त्यांनी ओळखायची खूण सांगा. आणि फवारणी थांबवून फक्त तिच्यावर सोपवलं, तर मुंग्या असताना ती टिकते का?

मिलीबगला मारणाऱ्या वर्टिसिलियम बुरशीची पावडर मुंबईत कुणी वापरली आहे का? तिला दमट हवा लागते, मग आत्ताच्या उन्हात संध्याकाळी मारून काम होतं की पावसाळ्यासाठीच राखून ठेवावी?

फोटो आज रात्री खाली टाकते.